फार्महाऊसच्या तलावाची पाळ कशी सांभाळायची

नागपूरच्या आसपास हिंगणा, काटोल रोड, कळमेश्वर, उमरेड या बाजूंना नाला अडवून केलेले खासगी तलाव आता बरेच दिसतात. चार-पाच मीटर उंच मातीची पाळ, एका कडेला सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट), आत एक-दोन हेक्टर पाणी आणि दोन-चार पायडल बोटी. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर लागतो. तुमची पाळ त्यात बसत नाही. म्हणजे ती बघायला कोणी येणार नाही. फुटली तर खालच्या शेताचं आणि वीटभट्टीचं नुकसान मात्र तुमच्या गळ्यात.

मातीची पाळ मुख्यतः दोन कारणांनी जाते: पाणी माथ्यावरून वाहतं, नाहीतर आतून वाट काढतं. रंगरंगोटी, लॉन, गझिबो यांवर खर्च करण्याआधी ही दोन कामं धरा.

सांडवा आधी

पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पावसाचं पाणी तलावात येतं ती, किती हेक्टरांचा आहे ते नकाशावरून काढा. मग हिशेब सोपा आहे: हेक्टर गुणिले तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.६ (पडलेल्या पावसातला वाहून येणारा वाटा), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येतं. पाणलोट ४० हेक्टर आणि तासाला १०० मि.मी. पाऊस धरला तर ६.७ घनमीटर. हा पाऊस जास्त वाटत असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मि.मी.हून अधिक पाऊस झाला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं. महिनाही लक्षात घ्या. जूनमध्ये तलाव रिकामा असतो, पहिला लोंढा तो पोटात घेतो. पोळ्यानंतर तो काठोकाठ असतो, आलेलं सगळं पाणी सांडव्यालाच काढावं लागतं.

सांडवा सपाट, रुंद असेल तर त्यावरून जाणारं पाणी म्हणजे १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. ११ मीटर लांबीच्या सांडव्यावर पाणी अर्धा मीटर चढलं की वरचे ६.७ घनमीटर निघून जातात. सांडव्याच्या तळापासून पाळीचा माथा १.२ मीटर उंच असेल तर ७० सें.मी. शिल्लक राहतात. ठीक आहे.

आता नेहमीचा उद्योग बघा. बोटींना पाणी कमी पडतं, काठ उघडा दिसतो, म्हणून कोणीतरी सांडव्यात फळ्या ठोकतो किंवा विटांचा ४५ सें.मी.चा ओटा बांधतो. मग तोच पूर ९५ सें.मी.वर जातो, शिल्लक २५. वर मासोळ्या पळू नयेत म्हणून जाळी लावलेली असते. जलपर्णी, पळसाची पानं, थर्माकोल येऊन अर्धी जाळी बुजते. सांडव्याची लांबी अर्धी झाली की पाणी अर्ध्या मीटरऐवजी ८० सें.मी. चढतं. ४५ अधिक ८० म्हणजे १.२५ मीटर. पाळीचा माथा १.२ वर. इथेच पाळ संपली. पाऊस तोच, पाणलोट तोच.

तेव्हा फळ्या, ओटा, जाळी, तिन्ही काढा. मासोळ्या राखायच्याच असतील तर जाळी सांडव्याच्या तोंडावर नको, तलावात दहा मीटर आत, तरंगत्या दोरीवर आणि जोर आला की सुटेल अशी बांधा. सांडव्यावरून रस्ता न्यायचा असेल तर नळ्या टाकून वर भराव करू नका, तीन नळ्या ११ मीटरची जागा घेत नाहीत. फरशीसारखा सपाट रपटा करा आणि पूर आला की रस्ता बंद.

सांडव्याच्या खालच्या टोकाला पाणी जिथे पडतं तिथे दर पावसाळ्यात थोडा खड्डा पडतो. खड्डा मागे सरकत सांडव्यापर्यंत आला की तळच निसटतो. ४० ते ५० सें.मी.चे दगड, खाली मुरूम-गिट्टीचा थर, असा गालिचा तिथे हवाच. या बाबतीत काटकसर करणारे नंतर दुप्पट भरतात.

पाझर: किती, आणि गढूळ की स्वच्छ

मातीची प्रत्येक पाळ थोडी पाझरते. पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या पायथ्याला ओल असणं म्हणजे आपत्ती नव्हे. पायथ्याशी छोटी चर काढून सगळं पाणी एका नळीतून पाडा, खाली १५ लिटरची बादली ठेवा, मोबाईलवर वेळ मोजा. ३० सेकंदांत भरली तर अर्धा लिटर प्रति सेकंद. पावसाळ्यात आठवड्याला एकदा हा आकडा आणि त्या दिवशीची तलावाची पातळी वहीत लिहा. पातळी तीच आणि पाझर वाढलेला, ही पहिली घंटा. दुसरी घंटा रंगाची. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून तासभर ठेवा. तळाला माती बसली तर पाळ आतून वाहून जाते आहे, त्याच दिवशी पातळी उतरवायला लागा आणि मातीकामाचा अभियंता बोलवा.

पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळ्या मारत, वाळू उडवत येत असेल तर घाईने चिकणमाती टाकून भोक बुजवू नका. दाबलेलं पाणी दुसरीकडून, बहुधा पाळीच्या अंगातून, निघतं. त्यावर कन्हान नदीची जाडी वाळू २० सें.मी., मग १० मि.मी. गिट्टी २० सें.मी., मग ४० मि.मी. गिट्टी असा थर द्या. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. वाळूच उधळली जात असेल तर आधी भोवती रेतीच्या पोत्यांचं कडं करून आत थोडं पाणी साठू द्या, जोर कमी होतो.

सर्वात वाईट गळती नंतर टाकलेल्या पाइपांच्या कडेने होते. लॉनला पाणी हवं म्हणून जेसीबीने पाळ कापायची, पाइप ठेवायचा, माती ढकलून वरून चाक फिरवायचं. पाइपाखालच्या बगलेत चाकाचा दाब पोचतच नाही, तिथे पोकळी राहते. पाइप पाळीतून नेऊच नका, माथ्यावरून सायफन घ्या, म्हणजे पाण्याने भरलेला असा पाइप जो माथा ओलांडून पाणी आपोआप खाली ओढतो.

सायफन आणि पातळी उतरवणं

१६० मि.मी.चा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, आतल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (भरलेलं पाणी परत तलावात जाऊ न देणारा) आणि जाळी, बाहेरच्या टोकाला उघड-बंद करायला बटरफ्लाय व्हॉल्व्ह, माथ्यावर पाणी भरायला टी-जोड आणि झाकण. पाण्याच्या पातळीपासून माथ्यावरचा पाइप पाच मीटरपेक्षा वर नसावा. बाहेरचं टोक आतल्या पाण्यापेक्षा तीन-चार मीटर खाली असेल तर सेकंदाला ३५ लिटर आरामात निघतात. तरी दोन हेक्टरांच्या तलावातून एक मीटर पाणी उतरवायला सहा-सात दिवस लागतात. हवामान खात्याने उद्याचा रेड अलर्ट दिल्यावर व्हॉल्व्ह उघडून उपयोग नाही. ऑगस्टपासूनच पातळी सांडव्याच्या तळाखाली अर्धा मीटर ठेवा. बोटींना तेवढं पाणी पुरतं.

झाडं, बिळं, भेगा

पाळीवर फक्त हरळी हवी, आणि तीही घोट्याएवढी कापलेली. उंच गवतात ओल दिसत नाही. बाभूळ, करंज, बेशरम अंगठ्याएवढी असतानाच मुळासकट उपटा. मोठं झाड नुसतं बुंध्यातून कापलं तर मुळं कुजून पाळीत आयत्या नळ्या तयार होतात. खोडका खणून काढायचा, खड्डा १५ सें.मी.च्या थरांनी ठोकून भरायचा, आणि हे तलाव उतरलेला असताना. मोठ्या झाडाला तोडायची परवानगी आधी घ्या.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला आणि त्यावर बरेच विनोद झाले. त्या धरणाचं कारण काहीही असो, घुशीची आणि खेकड्यांची बिळं लहान पाळीला खरोखरच धोकादायक असतात, कारण पाळीची जाडीच कमी असते. बीळ शेवटपर्यंत खणा. तोंडाशी सिमेंट थोपलं की मागची पोकळी तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

काळी माती मे महिन्यात फाटते. माथ्याच्या लांबीने जाणारी बोटभर भेग एकवेळ चालेल, पण तिच्या एका बाजूची माती खाली बसलेली दिसली तर पाळ घसरते आहे. पाळ आडवी कापणारी, पाण्याकडून बाहेरच्या बाजूला जाणारी भेग कधीच सोडू नका. भेगेत चुन्याचं पातळ पाणी ओता, मग पांढऱ्या रेषेमागे खणत तिच्या तळाच्याही ३० सें.मी. खाली जा. भरायच्या मातीचा मुठीत लाडू वळला पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपडा, चपटा झाला तर माती वाळू द्या. वरून ३० सें.मी. मुरूम घाला म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात काळी माती उघडी पडणार नाही.

पाहुणे आणि पूर

सांडव्यावरून घोट्याभर पाणी वाहत असताना फोटोसाठी त्यात उभं राहू देऊ नका, शेवाळावर पाय सरकला की माणूस थेट खालच्या दगडांवर जातो. सायफनच्या तोंडापासून पाच मीटरपर्यंत बोट आणि पोहणं बंद, पिवळ्या पिंपांची रेघ टाका. लाइफ जॅकेट बोटीत बसण्याआधी, काठावरच, चढवायचं.

पाण्यात एक पट्टी उभी करा, १० सें.मी.चे लाल-पांढरे भाग. माथ्याखाली ५० सें.मी.वर निळी खूण, ३० सें.मी.वर लाल. चौकीदाराला समजवायला एवढं पुरे: पाणी निळ्यावर आलं की मालकाला फोन, पाहुणे काठावरून हलवा. लाल खुणेला टेकलं की खालच्या वीटभट्टीवर, धनगरांच्या पालावर, पुलाजवळच्या घरी फोन, मग ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. हाच क्रम ठेवा. एक किलोमीटर खालपर्यंत लोंढा पोचायला दहा मिनिटंही पुरतात. खालच्या लोकांचे नंबर दर जूनमध्ये तपासा, भट्टीवरचे मजूर दर हंगामात बदलतात.

पुराच्या रात्री पाळ कापून पाणी काढायचा सल्ला कोणीतरी देईलच. मातीच्या पाळीतली वीतभर चर तासाभरात ट्रक जाईल एवढी होते. जेसीबी हाताशी असेलच तर सांडव्यातला गाळ आणि ओंडके बाजूला राहून ओढून काढा, नाहीतर सांडव्यापलीकडच्या कठीण मुरमात नवी वाट खणा. पाळीच्या माथ्यावर मशीन चढवू नका.