शेवाळ मारायच्या नादात कोरल्स उपाशी

इंदूरात राहून खाऱ्या पाण्याची, मासे आणि कोरल्स (प्रवाळ) असलेली टाकी ठेवते म्हटलं की लोक आधी विचारतात समुद्राचं पाणी आणतेस कुठून, तर कुठूनच नाही, मीठ बादलीत पार्सलने येतं आणि पाणी घरच्या नळाचं, म्हणजे नर्मदेचं. माझी सगळी भानगड ह्या नळापासूनच सुरू झाली. आता मी चार जणांच्या टाक्यांचं मेंटेनन्स पैसे घेऊन करते, आणि ह्या कामात यायचंय असं कोणी म्हटलं की आधी स्वतःच्या टाकीची मी कशी वाट लावली होती तेच सांगते, कारण दुसऱ्याच्या टाकीला हात लावायचा धीर मला त्यातूनच आला.

टाकी २०० लिटरची, रामबागेतल्या घरी हॉलमध्ये. मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री, चिलर परवडत नव्हता म्हणून पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पंखे मस्त चालतात, पाणी २७ च्या वर जात नव्हतं, पण रोजचं तीन-साडेतीन लिटर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याने. मी घालत होते किचनमधल्या आरओचं. त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ६०, प्यायला एकदम छान! पण घरच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हिशोब करा, दोन महिन्यांत टाकीभर पाणी मी वरून ओतलं आणि त्यातलं फॉस्फेट, सिलिकेट, म्हणजे शेवाळाचं खाणंच, सगळं आतच साचत गेलं.

जूनमध्ये दगडांवर हिरवी लव आली, मग तिचे केस झाले. आजी रोज टाकीसमोर उभी राहून म्हणायची, "काय करून राहिलीस गं, आमच्या विहिरीत पण इतकं शेवाळ नव्हतं." मी फॉस्फेट मोजलं तर ०.०५, म्हणजे अगदी शहाण्यासारखं. इथे सगळे नवीन लोक फसतात, मी पण फसले. शेवाळ दाट असलं की पाण्यातलं फॉस्फेट तेच खाऊन टाकतं आणि किटवर आकडा गोजिरवाणा दिसतो. आठवडाभर टूथब्रशने घासून, हाताने उपटून बादलीभर शेवाळ बाहेर काढलं तेव्हा कुठे आकडा ०.४ वर गेला.

मग मी चिडले. खरं म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे, लावायचं, टीडीएस शून्य करायचा, खाणं कमी करायचं, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडायच्या आणि दोन-तीन महिने गप्प बसायचं, एवढंच काम होतं. मी रेझिन लावलं ते बरोबर केलं, पण जोडीला फॉस्फेट ओढणारं जीएफओ पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट घातलं, माशांना दिवसाआड खायला आणि दर चार दिवसांनी पाणी बदलायचं. तीन आठवड्यांत शेवाळ साफ, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी शेंबूड आला. हो, शेंबूडच, दुसरा शब्द नाही. दुपारपर्यंत त्याला बुडबुडे धरायचे, रात्री लाइट बंद झाला की निम्मा गायब आणि सकाळी परत हजर. गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या, कोरल्सपैकी झोएंथिड्स मिटलेले, मशरूम पांढुरके. नवीन टाकीत तपकिरी भुकटी येते ते डायटम्स, ते आपोआप जातात. लालसर साय धरते तो सायनो, ते शेवाळ नसून बॅक्टेरिया आहेत. आणि हे माझं होतं ते डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. ओळखायची घरगुती रीत सांगते, तो चिकट माल बाटलीत घेऊन खूप हलवायचा, कॉफी फिल्टरमधून गाळायचा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. माझ्या पाण्यात तासाभराने जाळीसारख्या तारा परत जमल्या होत्या, अंगावर काटाच आला.

डायनो येतात ते बरेचदा पाणी जास्तच स्वच्छ झाल्यामुळे, म्हणजे ज्यांनी जागा धरून ठेवायची ते बाकीचे जीव उपाशी मरतात आणि हे पसरतात. कोरल्सना पण थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतंच. मग जीएफओ काढलं, पाणी बदलणं बंद, खाणं वाढवलं, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास आणून ठेवलं, तीन दिवस टाकीला चादर गुंडाळून अंधार केला आणि नंतर पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा लावला. अडीच महिने गेले. झोएंथिड्सची सात-आठ तोंडं वाचली, मशरूम सगळे.

आता कोरल आजारी दिसलं की औषधाची बाटली उघडायच्या आधी मी तीन आकडे बघते. तापमान, क्षारता म्हणजे पाण्यातलं मीठ, आणि अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट. क्षारता ३५ पीपीटी, पण ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ च्या फ्लुइडने सेट केलेला हवा, माझा स्वतःचा चक्क ३ ने चुकत होता. अल्कलिनिटी ८ असो की ९, रोज वरखाली झाली नाही पाहिजे. लेदर कोरल मिटून मेणचट दिसलं तर घाबरू नका, ते कात टाकतं, थोडा फ्लो वाढवा आणि आठवडाभर थांबा. झोएंथिड्स मिटलेलेच राहिले तर भिंग घेऊन कीड बघा, मग आयोडीन डिप, म्हणजे आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढायचं. आणि हे मात्र नीट ऐका, झोएंथिड्स आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ ह्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, फार जहाल विष आहे. हातमोजे आणि चष्मा लावूनच हात घाला, आणि शेवाळ मारायला तो दगड उकळायचा किंवा त्याच्यावर गरम पाणी ओतायचा शहाणपणा कधीच करू नका, वाफेने घरातले सगळे हॉस्पिटलात जातील.

काम म्हणून करायचं असेल तर अजून एक. चुन्याचा सांगाडा असलेली दगडी कोरल्स १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवून "हेच आणून द्या" म्हणेल, सरळ नाही म्हणायचं. मी मऊवालीच ठेवते, झोएंथिड्स, मशरूम, लेदर. पहिल्या व्हिजिटला मी काहीही घालत नाही, टीडीएस मीटर, किट आणि वही घेऊन जाते आणि विचारते, खायला कोण घालतं?

डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या टाकीत वर्षभर शेवाळ हटत नव्हतं, आधीच्या माणसाने औषधांचा खर्च करून ठेवला होता. विचारल्यावर कळलं, सकाळी झाडू मारणाऱ्या मावशी घालतात, दुपारी रिसेप्शनवरची मुलगी आणि रडणाऱ्या पोरांना गप्प करायला डॉक्टर स्वतः. आता मी दर सोमवारी हिंगाच्या सात रिकाम्या डब्या धुऊन, वार लिहून, भरून ठेवते. त्या दिवसाची डबी रिकामी दिसली की कोणी हात लावत नाही, आणि मावशी तर डॉक्टरांना पण ओरडतात.