घराणे आणि बालपण: नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी स्वतःचा इतिहास कसा लिहून काढावा

नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, आणि लहानपण कसे गेले. बहुतेक जण ‘कोणालाच नाही’ आणि ‘चारचौघांसारखेच’ असे सांगून मोकळे होतात. ही उत्तरे खोटी नसतात, पण अपुरी असतात, कारण घराघरांत या गोष्टींना नावे वेगळीच असतात. म्हणून भेटीच्या आठवडाभर आधी दोन पाने लिहून काढावीत. एक घराण्याचे, दुसरे बालपणाचे.

घराण्याच्या पानावर आजी-आजोबांपासून भावंडांपर्यंतचे रक्ताचे नातेवाईक घ्यावेत. आजाराचे नाव शोधत बसू नये, वागणे लिहावे. ‘आजोबांना डिप्रेशन होते का?’ असे विचारल्यास वडीलधारी मंडळी नाहीच म्हणतील, पण ‘ते कधी बरेच दिवस कामावर गेले नाहीत, असे झाले होते का?’ असे विचारल्यास बोलू लागतील. मग नोंद साधारण अशी होते: ‘आजोबा, चाळिशीच्या आसपास, दोन-तीन महिने अंथरुणातच, जेवण तुटले होते, घरात त्याला पोटाचा विकार म्हणत.’ दारूचे व्यसन, आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, आणि कोणाला एखादे औषध लागू पडले असल्यास तेही लिहावे. एखाद्या नातेवाइकाला काही दिवस झोपेवाचून अफाट उत्साह, उधळपट्टी, न थांबणारे बोलणे असे झटके येत असतील, तर ती ओळ अधोरेखित करावी. कारण त्यामागे द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणारा आजार) असू शकतो, आणि तशी प्रवृत्ती असलेल्या माणसाला नुसती नैराश्यावरची गोळी दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो.

या पानाचे वजन किती मानावे? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांच्या २००० साली झालेल्या एकत्रित विश्लेषणात नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के निघाली. याचा अर्थ आपल्याला ३७ टक्के धोका आहे असा नव्हे. समाजात माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकीय फरकांचा, इतकाच. आईवडील किंवा सख्खे भावंड यांपैकी कोणाला गंभीर नैराश्य असेल तर धोका इतरांच्या साधारण दोन ते तीन पट असतो, तरीही अशा घरांतल्या पुष्कळांना ते कधीच होत नाही.

दुसऱ्या पानावर अठरा वर्षांपर्यंतचा काळ येतो. त्यात चार रकाने आखावेत: वय, काय घडत होते, किती काळ, आणि त्या वेळी जवळचे कोण होते. घटनेला मोठे नाव देण्यापेक्षा ती जशी होती तशी लिहावी. ‘वय सहा ते नऊ, वडील घरी यायच्या वेळेला मी झोपेचे सोंग घेऊन पडून राहत असे, रोज, मावशी येऊन राहिली की नसे’ ही एक ओळ ‘बालपण तणावपूर्ण’ या शब्दांपेक्षा डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते. चौथा रकाना लोक सर्रास वगळतात, तो मात्र अजिबात वगळू नये, कारण एका जरी मोठ्या माणसाचा भरवशाचा आधार असला तरी तणावाचा परिणाम बराच सौम्य होतो.

असा लांबलेला तणाव शरीरात मुरतो कसा, हे थोडक्यात पाहू. धोका जाणवला की मेंदूतून निघालेला संदेश पीयूषिका ग्रंथीमार्फत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसोल स्रवते. पुढे हेच कॉर्टिसोल नावाचे तणाव-संप्रेरक मेंदूतल्या ग्राहकांना, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना, जाऊन भिडते आणि तणावाच्या या यंत्रणेला लगाम बसतो. संशोधक मायकेल मीनी यांच्या गटाने २००४ साली उंदरांवर दाखवले की ज्या पिल्लांना आईने कमी चाटले-कुरवाळले होते त्यांच्यात या ग्राहकाच्या जनुकावर रासायनिक खुणा अधिक होत्या आणि लगाम सैल होता. पिल्ले मायाळू आईकडे वाढवली की खुणाही तिच्या पिल्लांसारख्या होत. जनुकाचा मजकूर तोच राहतो, तो किती वाचला जाईल हे बदलते. माणसातले चित्र याहून गुंतागुंतीचे आहे.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी केलेला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो: बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. यावरून आपल्याला असे किती प्रकारचे अनुभव आले, ते मोजून स्वतःला गुण देत बसू नये. तो आकडा लोकसमूहासाठी आहे, आणि व्यक्तीचे भाकीत करायला तो वापरू नये असा इशारा खुद्द अँडा यांनी २०२० साली दिला.

तोच संयम जनुकीय चाचणीबाबतही हवा. सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाला वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार असलेले लोक तणावात लवकर खचतात, असे न्यूझीलंडमधील ड्युनेडिनच्या ८४७ तरुणांवरून २००३ साली मांडले गेले आणि फार गाजले. पण २००९ साली १४ अभ्यास एकत्र तपासल्यावर तो संबंध टिकला नाही. २०१९ साली आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून नैराश्याशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या १०२ जागा सापडल्या, त्यांतल्या एकेकीचा परिणाम अगदी चिमुकला. नैराश्याचे निदान करून देईन म्हणणाऱ्या जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही पाने शेजारी ठेवली की एकच माणूस दोन्हीकडे दिसतो. स्वतः नैराश्यात असलेल्या वडिलांकडून मुलाला जनुकेही मिळतात आणि घरातला तो अबोला, ती चिडचिडही मिळते. मग यातले रक्ताचे किती आणि वाढण्याचे किती, हे एका माणसाच्या बाबतीत वेगळे काढता येत नाही. तसा हट्ट धरू नये; अशी नोंद दोन्ही पानांवर करावी आणि बाणाने जोडावी.

प्रत्येक नोंदीपुढे ‘आठवते’, ‘ऐकीव’ किंवा ‘कागद आहे’ असेही लिहावे. मोठेपणी सांगितलेले अनुभव आणि त्या काळी झालेल्या नोंदी पुष्कळदा जुळत नाहीत. त्यावरून कोणी खोटे बोलते असे ठरत नाही.

लिहिताना छातीत धडधडू लागले, रात्रीची झोप उडाली, तर तिथेच थांबावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पाने बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

भेटीच्या वेळी या पानांच्या वर तिसरा, लहानसा कागद ठेवावा: सध्याची झोप, भूक, कामातला रस, आणि हे किती आठवडे चालले आहे. बालपणी छळ सोसलेल्यांमध्ये नैराश्य वारंवार उलटण्याची आणि रेंगाळण्याची शक्यता सुमारे दुप्पट असल्याचे २०१२ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले होते, त्यामुळे पाठपुरावा किती काळ ठेवावा लागेल हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. एखादी ओळ लिहिता आली नसेल तर ती कोरीच ठेवावी, आणि ‘इथे काहीतरी आहे, आज सांगता येत नाही’ एवढेच डॉक्टरांना सांगावे.