सहल ठरली आणि पाय मुरगळला : सोलापूरहून थीम पार्कला जायचं कसं

तिकिटं काढून झालेली असतात, आधी कोणत्या राइडला पळायचं हे मुलांनी ठरवलेलं असतं, आणि सहल आठवड्यावर आली असताना घरातलं कुणीतरी जिन्यावरून घसरतं. मग घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात : "तू घरी थांब" नाहीतर "सहलच रद्द करू." तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती आपोआप घडते. त्या माणसाला सोबत नेतात आणि गेटाजवळच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाइल राखायला बसवतात. मला ही तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त लागते. तिकीट त्यानेही काढलंय, दिवस त्याचाही आहे.

पुढचं सगळं खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण कुठल्याही मोठ्या पार्कला ते लागू पडेल.

आधी डॉक्टर, मग बॅग

मुरगळलंय की मोडलंय हे घरी ठरवू नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या कडेचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. तोवर पाय उशीवर उंच ठेवा आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं लावा. चोळायला, 'ओढून बसवायला' कुणाच्याही हाती पाय देऊ नका.

डॉक्टरांना "जाऊ का?" एवढंच विचारलं तर ते "नको" म्हणतील आणि विषय संपेल. नेमकं विचारा : या पायावर वजन टाकायचं का, किती? सहा-सात तासांचा प्रवास चालेल का? हलणाऱ्या, हिसके देणाऱ्या राइडवर बसू का? याची उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या, ती चिठ्ठी पार्कात दाखवायला उपयोगी पडते. प्लास्टर ताजं असेल, ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा डॉक्टर प्रवासालाच नाही म्हणाले, तर तारीख बदला. तारीख बदलून मिळते का हे पार्कला फोन करून विचारायचं काम त्याच दिवशी उरका.

वेदनाशामक गोळी घेऊन दिवसभर चालण्याचा बेत करू नका. गोळीने दुखणं कळेनासं होतं, इजा तिथेच असते, आणि न कळता चालल्याने ती वाढते.

व्हीलचेअर घ्याच

"काठी घेऊन चालेन हळूहळू," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. घरातल्या घरात ते खरंही असतं. पार्कात मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणं आणि रांगेत उभं राहणंच असतं. एरवी चालता येणाऱ्यानेही त्या दिवसापुरती व्हीलचेअर घ्यावी. वयाने मोठ्या बायका याला सहसा तयार होत नाहीत, "लोक काय म्हणतील" हेच मनात असतं. त्यांना "तुम्हाला चालवणार नाही" असं म्हणू नका. "आत्या, दुपारनंतर पाय सुजला तर परेड बुडेल" असं म्हणा, त्या ऐकतात.

सर्जिकलच्या दुकानात कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर विकत आणि बऱ्याचदा अनामत ठेवून भाड्यानेही मिळतात. काही सामाजिक संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, तिथे नाममात्र भाड्यात काम होतं. घेण्याआधी ब्रेक दोन्ही बाजूंनी घट्ट लागतात का, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलता येतात का, हे पाहा. आणि खुर्ची घडी करून डिकीत ठेवून बघा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर खुर्ची मावत नाही, आणि हे निघायच्या पहाटे कळून उपयोग नाही.

मग एक संध्याकाळ सरावाला द्या. भुईकोट किल्ल्याची बाग किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूचा परिसर त्याला बरा. खुर्चीत बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर करायच्या. पट्टीवर उभं राहिलं तर खुर्ची पुढे कलंडते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, ढकलणाऱ्याने मागे मागे चालत उतरायचं. पायरी आली तर पुढची छोटी चाकं उचलून आधी ती वर घ्यायची. आणि मागच्या दांड्यांना जड पिशव्या लटकवायच्या नाहीत. बसलेला माणूस उठला की त्या वजनाने खुर्ची मागे उलटते.

कुबड्या वापरायच्या असतील तर त्यांचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवं आणि भार तळहातांवर. काखेवर भार दिला तर तिथली नस दबून हाताला मुंग्या येतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खालचे रबर झिजले असतील तर बदलून घ्या, ओल्या फरशीवर सगळं त्यावरच अवलंबून असतं.

पार्कला फोन

वेबसाइट वाचून थांबू नका, बोला. "तुमच्याकडे व्हीलचेअर आहे का, आधी राखून ठेवता येते का, भाडं किती? पार्किंगपासून गेट किती लांब? कोणत्या राइडना पायऱ्या नाहीत? कमोडचं, खुर्ची आत जाईल एवढं मोठं स्वच्छतागृह कुठे आहे?" ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. हॉटेललाही हेच विचारा : तळमजला किंवा लिफ्ट, कमोड, आणि अंघोळीला बसायला स्टूल.

सवलतींबद्दल मनात गोंधळ नको. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकालीन अपंगत्वाबद्दल आहे. मुरगळलेल्या पायासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळत नाही आणि दिव्यांगांची रेल्वे-सवलतही मिळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी हाच तुमचा कागद.

प्रवास

गाडीने मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणं साधारण अडीचशे किलोमीटर, आणि पुढे एक्स्प्रेस-वेने घाट उतरून खोपोली. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. आदल्या रात्री पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. दुखापत झालेल्याला पुढची सीट मागे सरकवून द्या आणि पोटरीखाली सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी ठेवा, टाच अधांतरी राहिली की ती दुखत नाही. डॅशबोर्डवर पाय कधीच नाही, एअरबॅग उघडली तर पायाचा चुरा होईल. दर दीड तासाने थांबा, बोटं आणि चांगला पाय हलवत राहा.

रेल्वेने जायचं तर 10 फेब्रुवारी 2023 पासून सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत पुण्यापर्यंत सोयीची, पुढे टॅक्सी. स्टेशनवर व्हीलचेअर मिळते, पण वेळेआधी पोचून स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात सांगावं लागतं. दारं आपोआप मिटतात, म्हणून उतरायचं स्टेशन येण्याआधीच दाराजवळ या.

ऋतूचाही विचार करा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, जून ते सप्टेंबर तिथे धो धो पाऊस असतो. कोरड्या हवेत वाढलेल्या सोलापूरकरांना ओल्या फरशीवर कुबड्या टेकण्याची सवय नसते. दिवाळीनंतरची तारीख मिळाली तर ती घ्या.

पार्कात

गेटातून आत गेल्यावर पहिलं काम राइड नाही, मदत-कक्ष. चिठ्ठी दाखवा, नकाशा घ्या, आणि कर्मचाऱ्याकडूनच त्यावर खुणा करून घ्या. व्हीलचेअर म्हणजे रांग चुकते असं गृहीत धरू नका. ती सोय द्यायची की नाही हे प्रत्येक पार्क आपलं ठरवतं. पण कठड्यांची नागमोडी रांग अरुंद असेल तर "दुसऱ्या वाटेने आत घेता का?" हे जरूर विचारा.

नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरचा विचारही नको. तिथे पायांखाली जमीन नसते, पाय लोंबकळत हिसके खातात. अंधारातल्या आणि सिम्युलेटरच्या राइड बसल्या जागी वाटतात, पण सीट जोरात हलते, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ठरवा. शो आणि परेड मात्र मनसोक्त बघा, जागा धरायला लवकर पोचा. लाटांचा तलाव आणि घसरगुंड्या प्लास्टर असेपर्यंत बंद. वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधून भागत नाही.

कर्मचारी "नाही" म्हणाला तर हुज्जत घालू नका. राइड मध्येच अडकली तर लोकांना बऱ्याचदा अरुंद पायऱ्यांवरून स्वतः चालत उतरावं लागतं, आणि ज्याला ते जमणार नाही तो वर अडकून राहतो. प्लास्टर पँटखाली लपवून बसणं तर अजिबात नको.

आता पिशव्यांचं. लॉकर घ्या आणि पिशव्या त्यात टाका. मोठ्यांनी आपसांत पाळ्या लावा : तासाभराने एकाने खुर्चीपाशी यायचं, दुसऱ्याने राइडला जायचं. डिस्नेच्या पार्कांत 'रायडर स्विच' नावाची पद्धत आहे. एक मोठा माणूस लहान मुलापाशी थांबतो, दुसरा राइडला जातो, आणि तो परत आला की थांबलेला माणूस पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. आपल्याकडे असं काही जमतं का, हे मदत-कक्षात विचारायला हरकत नाही. दुपारचं जेवण आणि विश्रांतीची जागा खुर्चीतल्या माणसाने ठरवावी, म्हणजे बाकीच्यांना आपोआप त्याच्या वेगाने फिरावं लागतं.

गड्ड्यातही हेच

पाळणे बघायचे पण इतक्या लांब जमत नाही, तर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरातच होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा, आहेच. तिथे अडचण वेगळी : माती, खड्डे, जमिनीवरून गेलेल्या वायरी. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, तेव्हा खुर्ची किंचित मागे कलवून फक्त मोठ्या चाकांवर ढकला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या आणि अक्षता सोहळ्याच्या गर्दीत खुर्ची घालू नका. नंतरच्या एखाद्या कामाच्या दिवशी, दुपार कलताना जा. आकाशपाळण्यात चढायचं फळकुट किती उंच आहे आणि पाळणा थांबवून चढवतात का, हे आधी नजरेने पाहा.

परतल्यावर

मुक्कामी पोचताच पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा. प्लास्टरबाहेरची बोटं निळसर, थंड, बधिर वाटली किंवा आत कळ वाढतच गेली तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा. पुढच्या काही दिवसांत पोटरी एका जागी दुखून सुजली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर तेही ताबडतोब. लांबच्या बैठ्या प्रवासाने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. व्हीलचेअर परत करताना अनामतीची पावती सोबत ठेवा.