सीए १९-९ वाढलाय? आधी बिलिरुबिन बघा

पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी एकवीस वर्षं गेली, तरी मामांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा पोटात गोळा आलाच. सीए १९-९ (कॅन्सरचा अंदाज घ्यायला रक्तात मोजतात तो पदार्थ, म्हणजे ट्यूमर मार्कर): ४१२. नॉर्मल ३७ पर्यंत. कुठल्याशा 'फुल बॉडी' पॅकेजात, डॉक्टरांनी सांगितलेली नसताना झालेली टेस्ट. मागोमाग मामींचा फोन, "अगं, स्वादुपिंडाचा कॅन्सर दाखवतंय म्हणे!"

असा कागद हातात आला तर लाल आकडा बाजूला ठेवा आणि आधी बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) शोधा. मामांचं ५.८ होतं. दुसऱ्या दिवशी मीच रक्त काढलं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर घेतली. जेलवरचं सीरम एरवी फिकट गवती दिसतं, हे हळदीच्या पाण्यासारखं. पित्तनलिका तुंबली की कॅन्सर नसतानाही हा मार्कर शेकड्यांत जातो, कधी हजारांत. अर्थात नळी खड्याने तुंबली की गाठीने, हे रक्त सांगत नाही. त्याला सोनोग्राफी, सीटी, एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) लागते. तेव्हा 'कावीळच आहे' म्हणून घरी बसायचं नाही. मामांचा खडा निघाला. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून काढला, कावीळ पूर्ण उतरू दिली आणि सहा आठवड्यांनी तीच टेस्ट केली: २४.

आकडा सरळ आला म्हणूनही सुटलो असं नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात सीए १९-९ जवळपास बनतच नाही. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी रिपोर्ट नॉर्मल.

सीईए हा मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरचा मार्कर. तो बघताना पहिला प्रश्न विडी-सिगारेटचा. न ओढणाऱ्याला साधारण ३, ओढणाऱ्याला ५ नॅनोग्रॅमपर्यंत चालतो. शौचातून रक्त जात असेल तर सीईए करून मनाचं समाधान करून घेऊ नका. आतड्याच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो. तिथे कोलोनोस्कोपी आणि तुकडा तपासणी. सीईएचा खरा उपयोग कॅन्सर ठरल्यानंतरचा: ऑपरेशनच्या आधी एकदा, मग पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी. आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये. किट बदललं की आकडा बदलतो, आणि पेशंट उगाच रात्रभर जागतो. मी पाहिलेत असे.

एएफपी हा यकृताच्या कॅन्सरचा मार्कर. हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असेल तर डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसोबत करायला लावतात. गरोदरपणात तो वाढतोच, घाबरू नका.

एक गोष्ट काउंटरवर आम्ही विचारायला हवी, पण विचारत नाही: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? मोठ्या डोसमुळे काही मशीनवर असले आकडे चुकीचे येतात. रक्त द्यायच्या आधी आपणहून सांगा, किती दिवस बंद ठेवायच्या ते लॅबवाले सांगतील. मामी रोज घेतात म्हणे. मला परवा कळलं.