तहसीलच्या काउंटरवरची लाईन कमी कशी करायची

मे-जून आला की ठाण्यात सेतूला (दाखल्यांचे अर्ज घेणारं केंद्र), तहसीलला काय गर्दी होते ते वेगळं सांगायला नको, दहावी-बारावीचा निकाल लागतो, अॅडमिशन सुरू होतात आणि सगळ्यांना उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल (रहिवासाचा दाखला), नॉन क्रिमीलेयर (आरक्षणासाठी लागणारा दाखला) एकदमच पाहिजे असतं. मग ऑफिसातून मागणी जाते की माणसं वाढवून द्या, नवीन सॉफ्टवेअर द्या. मिळालं तर उत्तमच, पण ते येईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी करूया, आणि ते खूप आहे. हे मुख्यतः महसूलच्या क्लार्क, अव्वल कारकून मंडळींसाठी लिहितोय, पण बाकी कुठल्याही राज्य सरकारी ऑफिसात चालेल.

पहिलं काम, एक अर्ज पकडा आणि तो जाईल तिथे त्याच्यामागे जा. आवक कधी झाला, टेबलावर कधी आला, तपासला कधी, पुढे सहीला कधी गेला, प्रत्येक ठिकाणची तारीख एका कागदावर लिहा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे, पण कागद नीट असतील तर तपासायला काही मिनिटंच लागतात ना, मग बाकीचे दिवस तो अर्ज होता कुठे? बहुतेक वेळा कुणीच काम टाळत नसतं, अर्ज नुसता दोन टेबलांच्या मध्ये पडून असतो. हे कागदावर आलं की भांडण न करता बोलता येतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, त्रुटी काढून परत पाठवलेले अर्ज घेऊन बसा आणि कारणाप्रमाणे वेगळे करा. नवी मुंबईचंच बघा. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे इथली माणसं सरळ "आम्ही नवी मुंबईचे" म्हणतात, पण तो सगळा भाग पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो, आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे तालुक्यात. माणूस ऑनलाईन अर्ज भरताना जिल्हा ठाणे टाकतो, अर्ज परत येतो, तोपर्यंत अॅडमिशनची तारीख डोक्यावर आलेली असते. यात त्याची काय चूक हो, पत्त्यावर तर नवी मुंबईच लिहिलंय. उपाय म्हणजे दाराशीच मोठ्या अक्षरात एक बोर्ड, कुठल्या नोडचं (म्हणजे खारघर, ऐरोली अशा भागाचं) काम कुठल्या तहसीलला, बस.

तसंच उत्पन्नाच्या दाखल्याचं. तो एक वर्षाचाही निघतो आणि तीन वर्षांचाही. नॉन क्रिमीलेयरला तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, हे पालकांना माहितीच नसतं, ते एक वर्षाचा काढतात आणि पुन्हा त्याच लाईनीत येऊन उभे राहतात, म्हणजे एका माणसाचं काम आपण दोनदा करतो. म्हणून अर्ज घेताना पहिला प्रश्न "कागद आणलेत का?" हा नको, "ताई, दाखला कशासाठी पाहिजे?" हा विचारा. एवढ्या एका प्रश्नाने पुढचे कागद आपोआप ठरतात.

जो बदल कराल तो आधी एकाच काउंटरवर एक आठवडा करून बघा आणि परत गेलेले अर्ज पुन्हा मोजा. कमी झाले तर सगळ्या काउंटरवर लावा, नाही झाले तर सोडून द्या, त्यात कमीपणा नाही.

ही पद्धत काही नवी नाही बरं का. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी ऑफिसची बैठक, रेकॉर्ड, कामाची वाटणी सगळं नव्याने लावलं, तोच लखिना पॅटर्न. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावायचे, ती पण आपल्याकडे सगळ्यांना शिकवतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेले), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे रिपोर्ट), स्थायी आदेश (कायम लागू असलेले आदेश), रेकॉर्ड रूमला पाठवायचे आणि नष्ट करायचे. ती तपासणीच्या आदल्या दिवशी लावायची गोष्ट नाही, रोज लावली तर कुठला अर्ज कुणामुळे थांबलाय ते कपाट उघडल्यावर दिसतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. मुदत संपत आली की काहीतरी किरकोळ त्रुटी काढायची आणि अर्ज परत ढकलायचा, म्हणजे आपला रिपोर्ट स्वच्छ. असं होतं, सगळ्यांना माहिती आहे, आणि यात हातावर पोट असलेल्या माणसाचा अख्खा दिवसाचा रोज बुडतो. त्रुटी असतील तर सगळ्या एकदमच, साध्या भाषेत लिहून द्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अर्जदाराला अपिलाचा हक्क आहे, विनाकारण उशीर केला तर ५०० ते ५००० रुपये दंडही आहे, पण दंडाच्या भीतीने नको, समोरच्याकडे बघून करा.

शेवटचं म्हणजे बदल्या. आपल्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि दाखल्यांची गर्दी त्याच्या लगेच मागून येते, म्हणजे नेमक्या गर्दीत टेबलावर नवा माणूस. म्हणून काय बदललं, का बदललं, कुठला बोर्ड कुणी लावला हे एका पानावर लिहून स्थायी आदेशांच्या फाईलमध्ये पहिल्या नंबरला लावा आणि चार्ज देताना ते पान नव्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवा.