“देवाची इच्छा असली तर” हे शब्द केनियात जपून वापरा

केनियाला मिशनसाठी दोन-तीन आठवडे जायचं ठरलं की आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुलं मला फोन करतात. “ताई, काय काय न्यायचं?” मी यादी सांगते, पण सांगताना डोळ्यांसमोर कितुईतला तो दगडांचा चौथरा येतो.

आधी कागदपत्रांचं उरकते. केनियाचा व्हिसा २०२४ पासून बंद झाला, आता ईटीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायचं प्रवासाचं परवानापत्र, काढावं लागतं. त्यात येण्याचं कारण खरं तेच लिहा, यजमान मंडळीचं पत्र जवळ ठेवा. “पर्यटन लिहून टाक, कोण बघतंय” म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. प्रभूच्या कामाला निघताना पहिल्याच कागदावर खोटं कशाला? पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या, कारण पिवळं कार्ड, म्हणजे लसीचं प्रमाणपत्र, लागूच घेतल्यापासून १० दिवसांनी होतं. परतताना वैध कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर घरी आल्यावरही ४ आठवडे घ्यायची. आमच्यातल्या एकाने मुंबईत उतरल्या उतरल्या गोळ्या सोडल्या आणि आठवड्याभरात तापाने फणफणला.

जुन्या कपड्यांच्या बॅगा नेऊ नका. तिथल्या प्रत्येक बाजारात ‘मितुंबा’ म्हणजे वापरलेल्या कपड्यांचे ढीग असतात, आणि ते विकून घरं चालतात. स्वाहिली घड्याळही समजून घ्या. सकाळी सातला तिथे ‘साआ मोजा’, म्हणजे एक वाजला असं म्हणतात. तास उजाडल्यापासून मोजायचे. आम्ही पहिल्याच उपासनेला चुकीच्या वेळी पोचलो, पण कुणी रागावलं नाही. “ब्वाना असिफीवे”, म्हणजे “प्रभूची स्तुती असो”, म्हणा, सगळे “आमेन” म्हणतात आणि चहा पुढे येतो.

आता माझी चूक.

कितुई नैरोबीच्या पूर्वेला, कोरडवाहू मुलूख. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, तोही भरवशाचा नाही. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. बायका कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा करून वाटी-वाटीने पाणी काढत होत्या, २० लिटरचे पिवळे डबे भरून गाढवावर लादत होत्या. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, टँकरची वाट पाहत वाढलेली. शेवटच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभी राहिले तेव्हा गळा भरून आला, आणि मी बोलून गेले, “देवाची इच्छा असली तर पुढच्या वर्षी या शाळेला पाण्याची टाकी होईल.”

दुभाष्याने नीट भाषांतर केलं, “मुंगू आकिपेंडा”. त्याचा काही दोष नाही. आपल्याकडे हे शब्द म्हणजे ‘बघू’. लग्नाच्या बैठकीतही आपण असंच बोलतो आणि समोरच्याला कळतं की अजून पक्कं नाही. तिथे ते पाहुणीने पुलपिटावरून, देवाचं नाव घेऊन दिलेलं वचन ठरलं. त्यात मी ‘म्हिंदी’, भारतीय. त्या भागात म्हिंदी म्हणजे दुकानदार, म्हणजे पैसेवाला. माझा शिक्षिकेचा पगार त्यांना कुठून दिसणार? आणखी एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. केनियात ‘हरांबे’ची रीत आहे. सगळ्यांनी मिळून आपला वाटा आधी घालायचा, मग बाकीचं जमवायचं.

पुढच्या वर्षी गेले. शाळेच्या मागे कमरेएवढा गोल चौथरा बांधून तयार होता. दगड घरटी आणलेले, वाळू त्याच नदीतली. त्यावर काहीच नव्हतं. एक म्हातारी मला हाताला धरून तिथे घेऊन गेली आणि कुठला दगड तिचा ते बोटाने दाखवलं.

माझ्याकडे टाकीचे पैसे नव्हते.

घाबरू नका, जायचं रद्दही करू नका. ही चूक टाळता येते. “सिवेझी कुआहिदी” पाठ करा, म्हणजे “मी वचन देऊ शकत नाही.” हे ऐकून कुणी दुखावत नाही. आणि दहा देश फिरून आलेल्या मार्गदर्शकाच्या मागे लागण्यापेक्षा यजमान मंडळीतल्या एखाद्या वयस्क बाईला धरा. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते मला अशाच एका बाईंनी शिकवलं, पण दुसऱ्या वर्षी.

आपण तिथे पहिले आहोत असंही समजू नका. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकच्या मिशनशाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७५ नंतर मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली, नाशिकला वाढलेली आफ्रिकी माणसं कामाला होती.

तर त्या रिकाम्या चौथऱ्याचं. त्याच भेटीत मंडळीच्या सभेत मी उभी राहून सगळं सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पाळकांनी विचारलं, “किती जमेल?” छपराच्या पन्हळीपुरते पैसे जमत होते. १०० चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी होतं, हा हिशेब त्यांनीच फळ्यावर मांडला. दोन दिवसांत पन्हळ बसली, खाली पिंपं ठेवली. उरलेले पैसे त्यांनी दोन हंगामांच्या मक्यातून जमवले, माझा वाटा मी दरमहा पाठवत राहिले. टाकी तिसऱ्या वर्षी बसली. तेव्हा मी तिथे नव्हते. फोटोत म्हातारी चौथऱ्याला टेकून उभी आहे.