पीसी की कन्सोल? खर्चाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

गेमिंग पीसी घ्यावा की कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), हा वाद निघाला की सगळे पहिल्या दिवसाच्या किमतीवर तुटून पडतात. तिथे कन्सोलच जिंकणार, यात शंका नाही. पण सोनीचा प्लेस्टेशन 4 हा कन्सोल आला 2013 मध्ये आणि प्लेस्टेशन 5 आला नोव्हेंबर 2020 मध्ये. म्हणजे एका पिढीचं यंत्र सहा-सात वर्षं सहज घरात राहतं, आणि पैसे दर महिन्याला जात राहतात. हिशेब करायचा तर त्या सगळ्या वर्षांचा करा.

वर्गणी धरायला विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्लेस्टेशन 3 वर ऑनलाइन खेळायला पैसे पडत नव्हते. प्लेस्टेशन 4 पासून विकतच्या गेममध्ये मित्रांबरोबर ऑनलाइन उतरायचं तर प्लेस्टेशन प्लस ही सोनीची वर्गणी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर ही पद्धत आधीपासूनच होती. निन्टेंडोनेही सप्टेंबर 2018 पासून आपल्या स्विच कन्सोलच्या ऑनलाइन सेवेला पैसे लावले. पीसीवर ही भानगड नाही. समजा, वर्षाची वर्गणी कन्सोलच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्याएवढी आहे. मग सहा वर्षांत आणखी एका कन्सोलचे पैसे गेलेच की! शिवाय वर्गणी आज आहे तेवढीच राहील हे गृहीत धरू नका; प्लेस्टेशन प्लसच्या वार्षिक प्लॅनचे दर सप्टेंबर 2023 मध्ये चांगलेच वाढले.

याची दुसरी बाजूही आहे. फोर्टनाइटसारखे मोफत गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय चालतात, आणि एप्रिल 2021 पासून एक्सबॉक्सवरही चालतात. एकट्याने कथेचे गेम खेळणाऱ्याला तर वर्गणीची गरजच नाही. तरीही कित्येक जण ऑटो-रिन्यूअलमुळे (वर्गणी आपोआप पुन्हा भरली जाण्यामुळे) वर्षानुवर्षं भरत राहतात. आधी तो बंद करा. मात्र त्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्लस संपलं की दर महिन्याला ‘मोफत’ मिळालेले गेम कुलूपबंद होतात. आणि प्लेस्टेशन 5 च्या गेमची सेव्ह फाइल (कुठवर खेळलात त्याची नोंद) पेनड्राइव्हवर काढता येत नाही. बॅकअप क्लाउडवर, आणि तो क्लाउड वर्गणीत.

डिस्क ड्राइव्हवर पैसे वाचवणं

डिस्क नसलेलं मॉडेल स्वस्त पडतं, पण मग गेम एकाच दुकानातून, ते सांगतील त्या भावाने. जुनी डिस्क विकत घेणं, खेळून झाल्यावर विकून टाकणं, मित्राकडून आणणं, सगळं बंद. एक्सबॉक्स सिरीज एसला ड्राइव्ह जोडताच येत नाही. प्लेस्टेशन 5 प्रोच्या खोक्यात तो नसतो, वेगळा घ्यावा लागतो. वर्षाला एखाद-दुसरा गेम घेणाऱ्याला फरक पडणार नाही. भरपूर गेम घेणाऱ्याची ड्राइव्हची किंमत लवकर वसूल होते.

पीसीवर डिजिटल गेम परत विकता येत नाही, पण दुकानं अनेक असल्याने भाव पडतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ही सोय असूनही लोक सेलमध्ये ढिगाने गेम घेतात आणि उघडूनही बघत नाहीत. ‘पीसीवर गेम स्वस्त’ म्हणताना तो ढीगही खर्चात धरा.

स्टोरेजची घाई

सिरीज एसच्या 512 जीबीच्या मॉडेलमध्ये वापरायला सुमारे 364 जीबी उरतात, सुरुवातीच्या प्लेस्टेशन 5 मध्ये 825 पैकी सुमारे 667. मोठे गेम शंभर जीबीच्या वर जातात, त्यामुळे जागा लवकर संपते. मग लोक यूएसबी हार्डडिस्क आणतात आणि प्लेस्टेशन 5 चा गेम त्यावरून सुरूच होत नाही. तिथे तो फक्त साठवता येतो. खेळायचा तर आतली जागा किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) असलेला जेन 4 एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे कन्सोलच्या आत बसणारी वेगवान साठवण, हवा. सिरीज एक्स आणि एसला खास विस्तार कार्ड लागतं.

पीसीवाल्यांची चूक: कारण न शोधता अपग्रेड

पीसी घेताना मॉनिटर, कीबोर्ड, विंडोज यांचा खर्च विसरतात, हे खरं. उलट, कामासाठी संगणक घरात लागणारच असेल, तर गेमिंगच्या खात्यावर फक्त वरचा फरक टाका. पण पीसीवरचा खरा पैसा जातो तो अपग्रेडच्या हुक्कीत. गेम अडखळला की नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग!

त्याआधी एवढं तपासा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे की मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला)? हसू नका, हे फार जणांचं होतं. 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये 60 वर तर नाही ना? रॅमच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये आहेत का? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, बंद असेल तर 3600 वेगाची रॅम 2133 किंवा 2400 वरच रांगते. मग गेमचं रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) कमी करून बघा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढले तर कार्ड कमी पडतंय. जवळजवळ तेवढेच राहिले तर अडसर बहुधा प्रोसेसरचा, आणि नवं कार्ड म्हणजे पैसे पाण्यात.

प्रोसेसर बदलताना मदरबोर्डही बदलावा लागतो का, तेही बघा. एएमडी कंपनीच्या 2017 च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या, एएम4 सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) असलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून 2022 चा रायझन 7 5800एक्स3डी चालला. असा सॉकेट निवडणाऱ्याचा सात वर्षांचा खर्च खूप खाली येतो. जुनं कार्ड विकून आलेले पैसे हिशेबातून वजा करायलाही विसरू नका.

विजेचं बिल

हा खर्च लहान असला तरी शून्य नाही. तुमचा पीसी कन्सोलपेक्षा 200 वॅट जास्त ओढत असेल आणि रोज दोन तास खेळत असाल, तर वर्षाला 146 युनिट जास्त. ग्राफिक्स कार्डांत फरकही प्रचंड: एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4060 ची मर्यादा 115 वॅट, 4090 ची 450. कन्सोल मात्र झोपेतही वीज खातो. स्लीप मोडमध्ये 12 वॅट धरले तर रोजच्या 22 तासांचे वर्षाला 96 युनिट होतात. एक्सबॉक्सवर पॉवर सेटिंगमध्ये ‘शटडाउन’ निवडा, एवढंच.

कंट्रोलरची काठी (अंगठ्याने फिरवायची स्टिक) आपोआप सरकू लागली

नवा कंट्रोलर घेण्याआधी कन्सोल बंद करा, ड्युअलसेन्सच्या (प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरच्या) मागच्या बारीक छिद्रात पिन घालून पाच सेकंद दाबा आणि यूएसबी केबलने पुन्हा जोडा. कंट्रोलरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. गेममध्ये डेडझोनची (काठी किती हलली तरी दुर्लक्ष करायचं याची) सेटिंग असेल तर ती थोडी वाढवा. तरीही काठी सरकत असेल तर उघडाउघडी करू नका. आधी बिलावरची तारीख काढून वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा.